नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती, विमानाला वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या अनेक घरांतली मुले-मुली आज सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँट अशा गावांत नोकरीला आहेत. या सगळ्या पट्ट्याला तिकडे बे एरिया म्हणतात आणि त्याचे मोठे विमानतळ सॅन फ्रान्सिस्कोला आहे. नातवंडाचे बारसे असो, लेकीचे बाळंतपण असो की नुसते महिना-दोन महिने राहून येणे असो, इथून निघणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात. एवढा लांबचा प्रवास त्यांनी पूर्वी केलेला नसतो. त्यांच्या मनात येणारे प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून हे पान लिहिले आहे. तिकीट मुले तिकडून काढतात हे खरे, पण प्रवास आई-बाबांना करायचा असतो. म्हणून दोघांनीही वाचावे.

नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को नेमके किती किलोमीटर?

सोनेगावचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि सॅन फ्रान्सिस्कोचे विमानतळ यांमधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे १३,१०० किलोमीटर आहे. मैलांत सांगायचे तर साधारण ८,१५० आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत सुमारे ७,०८०. पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर जास्तीत जास्त वीस हजार किलोमीटरच्या आसपास असू शकते. त्यातले दोन तृतीयांश अंतर आपण एका फेरीत कापतो.

हा आकडा हवाई अंतराचा आहे. तुमचे विमान प्रत्यक्षात यापेक्षा जास्तच उडते. किती जास्त, ते मध्ये कुठे थांबता यावर ठरते.

ही सरळ रेषा कुठून जाते? पॅसिफिक महासागरावरून की युरोपवरून?

दोन्हीकडून नाही. भिंतीवरच्या नकाशात पाहिले तर अमेरिका एकतर डाव्या टोकाला दिसते किंवा उजव्या, त्यामुळे आपल्याला वाटते की पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला जा. घरात नातवंडाचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर नागपूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेला जाईल.

गणित करून पाहिले तर ही रेषा नागपुराहून उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कलून निघते. जबलपूर आणि लखनौच्या आसपासून पुढे नेपाळ, तिबेट, चीनचा शिनजियांग प्रांत, मंगोलियाचा पश्चिम भाग, सैबेरिया असे करत ती ७२ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते. तिथे खाली पूर्व सैबेरियाचा समुद्र असतो. मग अलास्का ओलांडून, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याशेजारून ती कॅलिफोर्नियात उतरते. म्हणजे सर्वांत जवळची वाट आर्क्टिक वर्तुळाच्याही वरून जाते. दिल्लीमार्गे जाणे का सोयीचे, हे त्यावरूनच कळते. दिल्ली जवळपास याच दिशेला आहे, त्यामुळे तिथे थांबून फारसा वळसा पडत नाही.

मग विमाने खरोखरच याच रेषेवरून जातात का?

नाही. पहिले कारण हिमालय आणि तिबेटचे पठार. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला माणसाला श्वास घेता येईल इतक्या उंचीवर, म्हणजे साधारण तीन किलोमीटरपर्यंत, लवकर खाली यावे लागते. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटमध्ये जमीनच साडेचार किलोमीटर उंचीवर आहे, मग खाली यायचे कुठे? त्यामुळे प्रवासी विमाने तो भाग शक्यतो टाळतात.

दुसरे कारण देशांच्या हद्दी. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांची विमाने रशियावरून जात नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. अशा एका निर्णयाने दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्या विमानाचा वेळ वाढतो. जास्त इंधन लागते आणि कधी मध्ये इंधन भरायला उतरावेही लागते.

तिसरे कारण वारा, आणि मला सर्वांत जास्त नवल त्याचेच वाटते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, पण वारा पाठीशी असल्यामुळे ते साडेचौदा तासांत पोहोचले. जास्त किलोमीटर कमी वेळात! म्हणून तिकिटावर किलोमीटर शोधू नका, तास पाहा.

विमानाला एकूण किती वेळ लागतो?

थेट विमान असते तर ताशी नऊशे किलोमीटरच्या वेगाने साडेचौदा तास आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास, असे पंधरा तास लागले असते. पण नागपुराहून असे थेट विमान नाही. प्रत्यक्षात एक थांबा असेल तर सोनेगावहून उडाल्यापासून सॅन फ्रान्सिस्कोला उतरेपर्यंत साधारण २१ ते २६ तास धरावेत. दोन थांबे असतील तर २८ ते ३२, आणि थांबे लांबले तर त्याहूनही जास्त.

यात घरून निघून विमानतळावर पोहोचण्याचा आणि तिकडे उतरून बाहेर पडण्याचा वेळ धरलेला नाही. तो मिळवला तर धरमपेठेतल्या घराचे दार ओढल्यापासून फ्रीमाँटच्या घराची घंटा वाजेपर्यंत सव्वा ते दीड दिवस जातो, असे मनाशी धरून चाला.

कोणत्या मार्गाने गेलेले बरे?

या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे घेतलेल्या निर्णयावर पुढचा सगळा प्रवास अवलंबून असतो.

पहिला मार्ग दिल्लीचा. नागपूर-दिल्ली साधारण ८५० किलोमीटर, पाऊणेदोन तास. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. वारा आणि मार्ग यांप्रमाणे त्याला सोळा तासांच्या आसपास लागतात. दोन्ही मिळून सुमारे १३,२५० किलोमीटर होतात, म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम दीडशे किलोमीटर जास्त. वळसा असा नाहीच. मध्ये चार-पाच तास मिळाले तर हा मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो. एकच बदल, तोही आपल्या देशात. तिथे हिंदीत विचारता येते, आणि काही अडले तर एखादा नातेवाईक धावून येऊ शकतो.

दुसरा मार्ग दोह्याचा. नागपूर-दोहा २,८५० किलोमीटरच्या आतबाहेर, सुमारे चार तास. तिथून सॅन फ्रान्सिस्को तेरा हजार किलोमीटर, सोळा तासांच्या आसपास. एकूण अंतर पंधरा हजार आठशेच्या पुढे जाते, म्हणजे सरळ रेषेपेक्षा २,७०० किलोमीटर जास्त. तरीही याचे फायदे आहेत. इमिग्रेशनचा शिक्का नागपुरातच होतो, एकाच कंपनीची दोन विमाने असतात आणि दोह्यात टर्मिनल बदलावे लागत नाही. हे विमान रोज असते का, कोणत्या वारी असते, हे मात्र तारीख ठरवण्याआधी पाहून घ्या.

मुंबईमार्गे अंतर सुमारे १४,२०० आणि बंगळूरमार्गे १४,९०० किलोमीटर पडते. या दोन्ही शहरांतून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमाने सुरू झाली होती, बंगळूरहून जानेवारी २०२१ मध्ये आणि मुंबईहून डिसेंबर २०२२ मध्ये. पण असे लांबचे मार्ग कंपन्या कधी बंद करतात, कधी दिवस कमी करतात. मागच्या वर्षी शेजारच्या काकू ज्या विमानाने गेल्या ते याही वर्षी असेलच, असे गृहीत धरू नका.

उरला युरोपचा मार्ग. नागपूर-दिल्ली-लंडन-सॅन फ्रान्सिस्को किंवा लंडनच्या जागी फ्रँकफर्ट. अंतर सोळा हजारांच्या पुढे. यात दोन बदल आहेत. पण कोणताही एक टप्पा दहा-अकरा तासांच्या वर जात नाही. ज्यांना सलग सोळा तास बसवत नाही, गुडघ्यांचा किंवा कमरेचा त्रास आहे, त्यांना हे जास्त सोसवते. वीस-पंचवीस हजार रुपये वाचतात म्हणून दोन थांब्यांचे तिकीट काढणारी मुले मी पाहिली आहेत. पैसे वाचवणे चूक नाही. पण ते ठरवताना आई-बाबांना विचारा, त्यांच्या पायांना विचारा.

शारजाहून स्वस्त पडते म्हणतात. तसे जावे का?

नागपूर-शारजा विमान आहे, आणि जवळच्या दुबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमानही आहे. पण शारजा आणि दुबई ही वेगवेगळी विमानतळे आहेत. मध्ये सामान घेऊन, व्हिसा दाखवून बाहेर पडायचे, रस्त्याने जायचे आणि पुन्हा सुरुवातीपासून तपासणी करून घ्यायची. शिवाय तिकिटे दोन वेगळी. पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. वयस्कर माणसांनी या वाटेला जाऊ नये.

एकाच पीएनआरचे तिकीट म्हणजे काय, आणि सगळे त्यावर एवढा जोर का देतात?

नागपूरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचे सगळे टप्पे एकाच आरक्षण क्रमांकावर असले की ते एक तिकीट. याचा अर्थ असा की नागपूरचे विमान उशिरा सुटले आणि दिल्लीचे मोठे विमान चुकले, तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीचे काम असते. वेगळी तिकिटे असली तर ते काम आणि तो खर्च तुमचा.

सामानाचाही फरक पडतो. देशातल्या विमानात साधारण १५ किलोचे चेक-इन सामान नेता येते. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा देतात. एकच तिकीट असेल तर ही सवलत नागपुरापासून मिळते. वेगळे असेल तर सोनेगावच्या काउंटरवर जास्तीच्या तीस-एकतीस किलोंचे पैसे भरावे लागतात. स्वस्त म्हणून काढलेले तिकीट तिथेच महाग होते. नागपुरात बॅगेवर शेवटच्या गावाचा टॅग लागला की नाही, हे काउंटरवर डोळ्यांनी पाहा आणि पावती पासपोर्टबरोबर ठेवा.

दिल्लीत किती वेळ हाती ठेवावा?

तीन तास किमान, चार-पाच तास चांगले. आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल तीनहून सुटतात. नागपूरचे विमान तिथेच उतरले तर आतून जाता येते. टर्मिनल एकला उतरले तर बाहेर येऊन बसने किंवा टॅक्सीने जावे लागते, त्यात तास सहज जातो. तिकिटावर टर्मिनलचा आकडा असतो, तो आधी पाहा. त्यानंतर इमिग्रेशनची रांग, मग सुरक्षा तपासणी. अमेरिकेच्या विमानाला कधी दारापाशी आणखी एक तपासणी होते.

डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी असेल तर धुक्याचा विचार हवाच. दिल्लीत पहाटे धुके दाटले की नागपूरचे विमान नागपुरातच थांबवून ठेवतात. आपल्याकडे लख्ख ऊन, आणि विमान मात्र हलत नाही. या दिवसांत मोठे विमान दुपारी असेल तर सकाळच्या विमानाने दिल्लीला जाण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम केलेला बरा.

मुंबईला रेल्वेने किंवा समृद्धीने जाऊन तिथून विमान धरले तर?

चालते, पण दमणूक होते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे आणि गाडीने आठ तासांत मुंबईच्या वेशीपर्यंत पोहोचता येते. पुढे मुंबईची वाहतूक. रात्रीच्या दुरांतोने गेलात तर सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतराल, तिथून विमानतळ गाठायला पुन्हा दीड-दोन तास. सोळा तासांच्या उड्डाणाआधी अंगाला इतकी धावपळ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईत लेक किंवा भाऊ राहत असेल आणि दोन दिवस आधी जाऊन आराम करणार असाल, तर गोष्ट वेगळी.

विमानाने मुंबईला जात असाल तर एक नवी काळजी घ्या. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे. नागपूरचे विमान कुठे उतरते आणि पुढचे कुठून सुटते, हे दोन्ही पाहा. एकीकडून दुसरीकडे रस्त्याने जावे लागले तर तीन तासांचा हिशेब कोलमडतो.

आपण देशाच्या मध्यावर आहोत. मग नागपुराहून थेट विमान का नाही?

हा प्रश्न नागपूरकर कळवळून विचारतात, आणि तो रास्त आहे. झिरो माइलचा दगड आपल्या गावात आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतायची. देशभरची पत्रे नागपुरात बदली होत. आजही आखाती देश आणि आग्नेय आशियादरम्यान जाणारी अनेक विमाने रात्री आपल्या डोक्यावरून जातात. मिहानमध्ये तर मोठ्या विमानांची देखभाल-दुरुस्ती होते.

पण लांब पल्ल्याचे विमान भूगोलावर चालत नाही. अडीचशे-तीनशे आसने आठवड्यातून अनेक दिवस भरावी लागतात. दिल्लीला ती भरतात, कारण पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार इथले प्रवासी तिथे गोळा होतात. विदर्भ आणि छत्तीसगड मिळून आज तेवढी गर्दी एका शहरासाठी होत नाही. तांत्रिक बाजूही आहे. सोळा तास उडायचे तर नुसते इंधनच शंभर टनांहून जास्त लागते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, आणि तेवढ्या वजनाच्या विमानाला उडायला लांब धावपट्टी हवी. सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटर आहे. विमानांच्या पल्ल्याची अडचण मात्र मुळीच नाही. सिंगापूर-न्यूयॉर्क विमान सुमारे १५,३०० किलोमीटर उडते, त्यापुढे आपले १३,१०० कमीच. युरोपातल्या एखाद्या मोठ्या शहराला नागपुराहून थेट जोडावे, ही मागणी मला जास्त व्यवहार्य वाटते आणि ती आपण लावून धरली पाहिजे.

वेळेचा फरक किती? घड्याळ कसे लावायचे?

सॅन फ्रान्सिस्को आपल्या मागे आहे. उन्हाळी वेळ चालू असताना साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात.

फोन करायला हिशेब असा: नागपुरात सकाळचे आठ वाजले असतील तर उन्हाळ्यात तिकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. मुले कामावरून आलेली असतात, बोलायला ही वेळ चांगली.

शनिवारी निघालो तर कोणत्या वारी पोहोचणार?

जुलैतल्या शनिवारी रात्री आठला नागपूर सोडले आणि एकूण चोवीस तास लागले असे धरू. आपल्या घड्याळात रविवारी रात्रीचे आठ होतील, पण तिकडे रविवार सकाळचे साडेसात वाजलेले असतील. कागदावर प्रवास साडेअकरा तासांचा दिसतो. परतताना उलट. शनिवारी सकाळी दहाला तिकडून निघालात तर नागपुरात रविवारी रात्री साडेदहाला उतराल. इथे साडेछत्तीस तास गेल्यासारखे दिसतात. तिकिटावर दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात, म्हणून हा घोळ होतो. परतीचे तिकीट काढताना वार नीट पाहा. इथले लग्न किंवा श्राद्धाची तिथी गाठायची असेल तर आणखी दोन दिवस हातचे ठेवा.

विमान पॅसिफिकवरून गेले तर मध्येच आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडते आणि तारीख एक दिवस मागे जाते. अटलांटिकवरून गेले तर ओलांडत नाही. पोहोचल्यावर दोन्हींत तारीख एकच असते.

जाताना आणि येताना सारखाच वेळ लागतो का?

नाही. वर सांगितलेल्या वाऱ्यामुळे दोन दिशांत तासाभराचा किंवा त्याहून जास्त फरक पडू शकतो. येताना पॅसिफिकवर वारा समोरून लागतो, म्हणून विमान बहुतेक वेळा वेगळी वाट घेते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सोबतच्या वैमानिक स्त्रियांनी सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरून आणले होते. आसनासमोरच्या पडद्यावर नकाशा असतो. झोप येत नसेल तर तो लावून ठेवा. आपण आत्ता कुठे आहोत हे पाहताना तास बरे जातात.

सोळा तास बसून राहणे साठी-सत्तरीत झेपते का?

बहुतेकांना झेपते, पण तयारी लागते. एकाच जागी फार वेळ बसले की पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर दीड-दोन तासांनी उठून चकरा मारा, बसल्या जागी टाचा-चवडे हलवा, पाणी पीत राहा. हृदयविकार असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पाय सुजत असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. दाब देणारे मोजे घालायचे का, हेही त्यांनाच ठरवू द्या. आसनांमधल्या ये-जा करायच्या वाटेकडेची जागा मागून घ्या. मधुमेह असेल तर इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. सामानाच्या भागात ते गोठू शकते. बारा-तेरा तासांचा फरक पडतो तेव्हा डोस कधी घ्यायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा.

व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. दिल्ली, दोहा, सॅन फ्रान्सिस्को ही लांबलचक विमानतळे आहेत. तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, नोंद करा. चालता येते पण लांब चालवत नाही, एवढे कारण पुरे आहे. इंग्रजी बोलायची भीती वाटणाऱ्यांना याचा दुहेरी उपयोग होतो, कारण सोबतचा माणूस रांगा आणि फाटके ओळखतो.

तिकडे पोहोचल्यावर पहिले काही दिवस दुपारी डोळे मिटतील आणि रात्री दोनला जाग येईल. दिवस-रात्र जवळजवळ उलटी झालेली असते. शरीर दिवसाला साधारण तासभर सावरते. सकाळच्या उन्हात फिरायला जाणे हा सर्वांत चांगला उपाय. सुनेने किंवा लेकीने पहिल्याच शनिवार-रविवारी लांबची सहल आखू नये.

संत्री, सावजी मसाला, लोणचे नेता येते का?

संत्री नाही. कोणतेही ताजे फळ अमेरिकेत नेऊ नका, त्यांचे कृषी तपासनीस ते काढून घेतात. मांसाचे पदार्थही टाळा. खाण्याचे जे काही बॅगेत आहे ते विचारल्यावर सांगा. सांगितल्याने फार तर वस्तू जाते, लपवल्याने दंड होतो. मसाल्याच्या पुड्या चेक-इन बॅगेत, शक्यतो बंद पाकिटात आणि नाव छापलेल्या ठेवा. हातातल्या सामानात ३५० मिलिलीटरपेक्षा जास्त पूड असली तर अमेरिकेच्या विमानाला जादा तपासणी होते. तेलाचे लोणचे नीट सीलबंद करून मोठ्या बॅगेत.

इमिग्रेशन आणि कस्टम्स कुठे होतात?

भारतातून बाहेर पडण्याचा शिक्का, तुम्ही भारतात शेवटच्या ज्या विमानतळावरून आंतरराष्ट्रीय विमानात बसता तिथे लागतो. अमेरिकेत तुम्ही प्रथम जिथे उतरता तिथे सगळी तपासणी होते. न्यूयॉर्क किंवा शिकागोमार्गे तिकीट असेल तर बॅगा तिथेच उचलाव्या लागतात, कस्टम्समधून बाहेर आणून पुन्हा जमा कराव्या लागतात आणि मग पुढचे विमान. टॅग सॅन फ्रान्सिस्कोचा असला तरीही. अशा वेळी मध्ये तीन तास तरी हवेत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हा त्रास टाळून थेट सॅन फ्रान्सिस्कोलाच उतरावे.

अधिकारी विचारतात: कशासाठी आलात, कुठे राहणार, किती दिवस. मुलाचा पत्ता, फोन आणि परतीचे तिकीट छापून हातातल्या पिशवीत ठेवा. फोनची बॅटरी संपलेली असू शकते.

मुलांनी विमानतळावर किती वाजता यावे?

विमान उतरल्यावर बाहेर पडायला तास ते दोन तास लागतात, व्हीलचेअर असेल तर कधी थोडे लवकर होते. विमानतळ शहराच्या वीसेक किलोमीटर दक्षिणेला आहे, त्यामुळे सॅन होजेकडून येणाऱ्यांना शहरात शिरावे लागत नाही. अंतर पन्नासेक किलोमीटर. सकाळी कामाच्या वेळी तो रस्ता तुंबतो, म्हणून दीड तास हाती ठेवा. आई-बाबांचा भारतातला फोन तिथे चालेलच असे नाही. आंतरराष्ट्रीय आगमनाच्या दाराबाहेर कुठे भेटायचे ते निघण्याआधीच ठरवा, आणि काहीही झाले तरी ती जागा सोडायची नाही असे दोघांनाही सांगून ठेवा.